दगडी फायरप्लेस, चुन्याचा हात आणि एक जुना वाद

इ.स. १२४०. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात एक काम काढलं. राणीच्या खोलीतल्या फायरप्लेसवर, म्हणजे धूर गोळा करणाऱ्या वरच्या छत्रीवर, एक चित्र काढायचं. विषय: हिवाळा. आणि नुसता हिवाळा नव्हे, तर चेहरा असा केविलवाणा आणि अंग असं आखडलेलं हवं की बघणाऱ्याला लगेच थंडीच आठवावी, अशी खास राजाची सूचना! (क्लायंटच्या रिक्वायरमेंट्स आठशे वर्षांपूर्वीही अशाच असायच्या :-) ) ते चित्र आज नाही, हुकमाची नोंद तेवढी सरकारी दप्तरात राहिली आहे. त्याच वर्षी याच राजाने लंडनचा मोठा बुरूज आतून-बाहेरून चुन्याने पांढरा करायला सांगितला. 'व्हाइट टॉवर' हे नाव त्या चुन्यामुळे पडलं.

हे सांगायचं कारण असं, की दगडी फायरप्लेसला रंग द्यावा की नाही, हा अमेरिकेत आणि इंग्लंडात आजही घराघरांत पेटणारा वाद आहे. चार घरमालकांना विचारून बघा. दोघं म्हणतील, "द्या की, घर उजळेल." उरलेले दोघं तुमच्याकडे असं बघतील, जणू तुम्ही आजीच्या पाटल्या मोडीत काढताय. त्यांचा मुद्दा एकच असतो: दगड जसा आहे तसा ठेवावा, तेच त्याचं मूळ रूप.

हे 'मूळ रूप' प्रकरण जरा तपासून बघण्यासारखं आहे. तीन वीकांत त्यातच गेले, आणि हाती लागलं ते भलतंच रंजक निघालं.

सुरुवातीला फायरप्लेस नव्हतीच. मध्ययुगीन इंग्लंडात मोठ्या दालनाच्या मधोमध जमिनीवर आग पेटायची आणि धूर छपराच्या झरोक्यातून वाट काढायचा. भिंतीत बसवलेली फायरप्लेस आधी आली ती नॉर्मन किल्ल्यांत. १०७६च्या सुमारास बांधायला घेतलेल्या कोल्चेस्टरच्या किल्ल्यात ती आजही दिसते. सामान्य माणसाच्या घरात धुराडं यायला मात्र पुढची चार-पाचशे वर्षं गेली. विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्र्याने १५७७ साली इंग्लंडचं वर्णन लिहिलं. त्यात तो सांगतो, की गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत झालेला एक मोठा बदल म्हणजे जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी! धुराडं म्हणजे सुबत्तेची खूण. आणि सुबत्ता दिसली की सरकारला कर दिसतो. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. चुली मोजायला माणसं थेट घरात शिरायची, त्यामुळे लोक भयंकर वैतागले. काहींनी तर कर चुकवायला फायरप्लेसच विटांनी बुजवून टाकल्या. शेवटी १६८९ साली तो कर रद्द झाला.

या सगळ्या काळात भोवतीचा दगड कसा दिसायचा? बहुतेक ठिकाणी झाकलेला. घडीव दगड महाग, त्यामुळे भिंत ओबडधोबड दगडांची, तिच्यावर चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यावर चुन्याची सफेदी. पैसेवाल्याच्या घरी त्यावर रंगीत नक्षी. काजळी धरली की पुन्हा चुन्याचा हात. दगड उघडा दिसणं म्हणजे काम अर्धवट राहिलं, किंवा पैसे संपले!

आता यात एक इंजिनिअर येतो. (वाटच बघत होतो मी.)

बेंजामिन थॉम्प्सन, जन्म १७५३, मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नचा. अमेरिकन क्रांतीत हा गडी इंग्रजांच्या बाजूने होता, त्यामुळे देश सोडावा लागला. पुढे बव्हेरियाच्या दरबारी चाकरी केली आणि 'काउंट रमफर्ड' झाला. तोफा कोरताना धातू इतका का तापतो, याचा विचार करून उष्णता ही वस्तू नसून गती आहे असं १७९८ साली मांडणारा तो हाच. त्याच्या दोन वर्षं आधी, १७९६ साली, त्याने फायरप्लेसवर निबंध लिहिला. त्या काळच्या फायरप्लेसा खोल, रुंद, आणि धुराड्याचं तोंड असं मोठं की खोलीतली गरम हवाच धुरासोबत वर पळायची. रमफर्डने उपाय सांगितला: खोली कमी करा, बाजूच्या भिंती आतून बाहेर तिरक्या करा, आणि धुराड्याचा गळा चार इंचांवर आणा. लंडनच्या श्रीमंतांनी गवंड्यांची रांग लावून जुन्या फायरप्लेसा बदलून घेतल्या.

आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्याच्या पुढच्या सूचनेचा. आगीच्या बाजूच्या तिरक्या भिंतींना गिलावा करा आणि त्यावर चुन्याची सफेदी द्या, असं तो सांगतो. जो भाग धुराने काळा होत नाही, तो जितका पांढरा आणि स्वच्छ ठेवता येईल तितका ठेवा. कारण खोलीला मिळते ती मुख्यतः किरणांनी येणारी उष्णता, आणि पांढरा पृष्ठभाग ती खोलीत परत फेकतो असा त्याचा हिशोब. म्हणजे फायरप्लेस रंगवण्यामागे उष्णतेचं गणितही होतं!

आणि जुन्या फायरप्लेसेबद्दलची हळहळसुद्धा तेव्हाच सुरू झाली. जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर ॲबी' ही कादंबरी १८१७च्या अखेरीस आली. तिची नायिका एका जुन्या मठात मुक्कामाला जाते. तिथे भव्य कोरीव फायरप्लेस असेल अशी तिची कल्पना. बघते तर काय, ती आवळून तिची रमफर्ड केलेली! बिचारीचा विरस होतो.

फायरप्लेसमधून जरा बाहेर येऊन एका अख्ख्या रंगवलेल्या दगडी घराकडे बघू. हे घर तुम्हीआम्ही सगळ्यांनी पाहिलंय: वॉशिंग्टनचं व्हाइट हाउस. ते व्हर्जिनियातल्या ॲक्विया इथल्या वालुकाश्माचं आहे. १७९८ साली भिंती पूर्ण झाल्या तेव्हा त्यांना चुन्याची सफेदी दिली गेली. कारण शोभेचं नव्हतं. हा दगड सच्छिद्र, पाणी पिणारा. थंडीत आतल्या पाण्याचा बर्फ होतो, तो फुगतो आणि दगड तडकतो. त्या छिद्रांना चुन्याने आडोसा केला. १८१४ साली इंग्रजांनी जाळलेल्या भिंती लपवायला पांढरा रंग दिला, ही गोष्ट फार सांगितली जाते, पण इमारत त्याच्या सोळा वर्षं आधीच पांढरी होती. पुढे चुन्याची जागा तेलाच्या रंगाने घेतली आणि थरावर थर चढत गेले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते काढायला घेतले, आणि काम वर्षानुवर्षं चाललं. थर इतके जाड झाले होते की स्कॉटिश पाथरवटांनी कोरलेली पानंफुलं त्यांत बुजून गेली होती. खाली १८१४च्या आगीचे काळे डागही सापडले.

इथे मला पहिल्यांदा जाणवलं की या वादात दोन रंगांची सरमिसळ होतेय. चुना कितीही वेळा दिला तरी झिजत जातो, पुन्हा द्यावा लागतो. तेलाचा रंग मात्र ठाण मांडून बसतो. असो, त्याकडे पुन्हा येतो.

मग उघड्या दगडाचं प्रेम आलं कुठून? एकोणिसाव्या शतकातून. त्या काळात इंग्लंडात नकलीची लाट होती. जॉर्ज मॅग्नस या कारखानदाराने १८४० साली पाटीच्या दगडावर रंग भाजून बसवायचं पेटंट घेतलं. शाळेतल्या पाटीचाच तो दगड. त्याच्यावर रंगीत शिरा काढायच्या, भट्टीत भाजायचं, की झाला इटलीचा संगमरवर! १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हा माल झळकला आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत अशा फायरप्लेसा बसू लागल्या. आज कुणी असली काळी-हिरवी 'संगमरवरी' फायरप्लेस घासायला घेतो आणि खालून साधी पाटी निघते, त्याचं कारण हे.

या खोटेपणाची जॉन रस्किनला विलक्षण चीड होती. १८४९च्या आपल्या पुस्तकात त्याने वास्तुकलेतल्या लबाड्या मोजल्या, त्यांत एक होती दुसऱ्याच पदार्थाचा भास होईल असा रंग देणं. दगड असेल तर दगड दिसू दे. हा विचार लोकांना पटला. जरा जास्तच पटला म्हणायचं! जुनी चर्चं दुरुस्त करणाऱ्यांनी आतला शेकडो वर्षांचा गिलावा खरवडून काढायचा सपाटा लावला. त्याबरोबर जुनी भित्तिचित्रंही गेली. मागे राहिला तो कधीच दिसण्यासाठी न रचलेला ओबडधोबड दगड, आणि त्यालाच लोक 'मूळ रूप' म्हणू लागले.

याविरुद्ध उभा राहिला विल्यम मॉरिस. १८७७ साली त्याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं लाडकं नाव होतं 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडणं-विरोधी! गंमत बघा, मॉरिस स्वतः रस्किनचा चाहता, कारागिरीचा आणि अस्सल सामानाचा पुरस्कर्ता. आज उघड्या दगडाची बाजू घेणारे त्याचं नाव घेतात. पण जुन्या चुन्याला आणि गिलाव्याला हात लावू नका, तोही इतिहास आहे, हेच तर तो सांगत होता.

यात एक माणूस अजून आलंच नाही. हा चुना कोण लावत होतं? रोजची ती काजळी कोण पुसत होतं?

हॅना कल्विक (१८३३ ते १९०९) ही लंडनमध्ये घरकाम करणारी बाई. तिने आपल्या रोजच्या कामाच्या डायऱ्या लिहून ठेवल्या, त्या पुढे छापल्याही गेल्या. फायरप्लेसची राख काढणं, लोखंडी जाळीला काळं पॉलिश चोळणं, पुढची फरशी घासणं, कोळसा वर वाहून नेणं, हे त्यांत पानोपानी येतं. मालकिणीने सकाळी डोळे उघडायच्या आत हे सगळं उरकलेलं असायचं. आपल्याकडे चुलीला रोज पोतेरं फिरवणाऱ्या बायका आठवल्या. शेणमातीने सारवलेली चूल तेवढा एक दिवस स्वच्छ दिसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आगीजवळचा प्रत्येक रंग असा कुणाच्या तरी हातांवर टिकून होता. तेव्हा 'जुनं ते सगळं सुंदर' असं म्हणताना हे हात विसरू नयेत. एकदा लावला की वीस वर्षं बघायला नको, असा रंग बाजारात आला तेव्हा लोकांनी तो का उचलला असेल, हे यावरून कळतं.

तो रंग आला त्याच सुमारास फायरप्लेसचं कामही संपत आलं. लंडनमध्ये डिसेंबर १९५२च्या विषारी धुक्यात हजारो माणसं दगावली. १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि शहरांतून कोळशाची आग हळूहळू हद्दपार झाली. अमेरिकेत तर घरं त्याआधीच तळघरातल्या भट्टीवर तापत होती. आग गेली, पण फायरप्लेस गेली नाही. ती शोभेची झाली.

ती शोभेची करण्यात फ्रँक लॉइड राइटचा वाटा मोठा. घराचं हृदय म्हणजे फायरप्लेस, हे त्याचं ठाम मत. पेनसिल्व्हेनियात त्याने १९३५ साली 'फॉलिंगवॉटर' या घराचं डिझाइन केलं. धबधब्यावर जिथे ते कुटुंब जाऊन बसायचं, तो मूळचा खडक त्याने तसाच ठेवला आणि त्याचीच चूल केली. भोवतालच्या दगडी फरशीला मेण लावून चकाकी आणली, चुलीपुढच्या खडकाला मात्र लावली नाही. त्यामुळे खडक पाण्यातून कोरडाच वर आल्यासारखा दिसतो. काय डोकं आहे!

मग दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली आणि छताला भिडणारी दगडी भिंत, मधोमध फायरप्लेस, हे समीकरण घरोघरी पोचलं. प्रत्येकाच्या दारात धबधबा नव्हता, तसा प्रत्येकाला दगडही परवडत नव्हता. म्हणून साच्यात ओतलेले सिमेंटचे हलके 'दगड' निघाले. खऱ्या दगडावरून साचा घ्यायचा, सिमेंटमध्ये लोखंडाच्या गंजाचे रंग मिसळायचे. तेव्हा ज्या दगडाचं मूळ रूप वाचवायला आपण निघालो, तो जन्मतःच रंगवलेला असण्याची शक्यता आहे!

आमच्या घरची भिंत याच पिढीतली, पण दगड खरा, करडा-तपकिरी. बायकोचं म्हणणं, हिवाळ्यात साडेचारला अंधारतं आणि ही भिंत उरलासुरला उजेडही खाते. (तिला रमफर्डचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ, मी म्हणतच होते!") शेजारच्या आजोबांचं म्हणणं, रंग दिलास तर पुढच्या मालकाचे शिव्याशाप लागतील. दोघांचंही खरं आहे, आणि ते खरं कसं, हे रंगाच्या रसायनात बघावं लागतं.

१९४८ साली ग्लिडन कंपनीने पाण्यात मिसळणारा लॅटेक्स रंग घराच्या भिंतींसाठी बाजारात आणला. स्वस्त, वास नाही, झटपट वाळणारा. आज आपण डब्यातून आणतो ते बहुतेक त्याचेच वंशज. पाणी उडालं की रेझिनचे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. गुळगुळीत भिंतीवर तो उत्तम. दगडाच्या छिद्रांत मात्र तो शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. धुराड्यातून पावसाचं पाणी झिरपत असेल तर ते पापुद्र्याआड अडतं, सोबत क्षार येतात, फोड येतात, पोपडे निघतात. आणि एकदा दिलेला काढायचा म्हटलं तर रसायनं चोपडा, खरवडा, ब्रशने घासा. वाळूचा मारा केला तर रंगाबरोबर दगडाचा वरचा थरही जातो. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगात शिशावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीचा रंग असेल तर खरवडताना शिशाची धूळ उडते, घरात लहान मूल असेल तर ते फारच वाईट. आमच्या भाषेत सांगायचं तर, बॅकअप न घेता थेट प्रॉडक्शनवर बदल.

आता चुना. चुनखडीचा दगड साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो उकळतो, फसफसतो, विझतो. तो पातळ करून कुंचल्याने भिंतीवर ओढला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेत तो पुन्हा चुनखडी होतो. दगड आगीत भाजायचा, पाण्यात विझवायचा आणि परत दगड म्हणूनच भिंतीवर बसवायचा! सलग पापुद्रा नाही, त्यामुळे ओल बाहेर पडू शकते. नवा असेपर्यंत धुऊन निघतो, पुढे हळूहळू झिजतो. दगड खाली शाबूत राहतो आणि पुढच्या माणसाला पुन्हा ठरवायची मोकळीक राहते.

माझ्या मते हा वाद दगड रंगवावा की नाही असा कधी नव्हताच. माणसांनी दगड कायम रंगवला. पण विसाव्या शतकापर्यंत बहुतेक घरांत तो असा रंगवला, की पुढची पिढी काही वेगळं करू शकेल. उघडा दगड हवा असणारा आणि पांढरा दगड हवा असणारा, दोघांनाही त्यात जागा होती.

तुमच्याकडे असा दगड असेल तर थोडक्यात सांगतो. आधी तो खरा की सिमेंटचा ते बघा, एखाद्या कडेला तुटलेला कपचा सापडतोच. मग पाण्याचे चार थेंब टाका. दगडाने पाणी प्यायलं तर तो चुना धरेल. ओघळून गेलं, किंवा आधी कुणी रंग वा सीलर मारला असेल, तर चुना धरणार नाही. काजळी नीट धुवा, नाहीतर पिवळे डाग वर येतात. आत जिथे आग पेटते तिथे साधा रंग अजिबात लावू नका. त्यासाठी सुमारे ६५० अंशांपर्यंत टिकणारे वेगळे रंग मिळतात. धुराडं गळत असेल तर आधी ते दुरुस्त करा. आणि चुना हाताळताना हातमोजे, चष्मा हवाच, डोळ्यांत गेला तर डोळा जायची भीती असते.

आमच्याकडे कपाटामागच्या दगडांनी पाणी गटागटा प्यायलं. तिथे पातळ चुन्याचे दोन हात दिलेत आणि फडक्याने पुसून दगडाचा पोत थोडा दिसता ठेवलाय. बायको रोज संध्याकाळी साडेचारला तिथे जाऊन उजेड बघते. आजोबाही येऊन बोटाने खरवडून गेले. दोघांपैकी कुणीही अजून निकाल दिलेला नाही. ओली फडकी आणि बादली मी मुद्दाम तिथेच ठेवली आहे.